जुलैतला ताप

जुलैत झड लागली की नेरळ-कर्जतकडच्या पोरांना ताप येतो. पोशीरहून बदलापूरच्या कारखान्यात फोन जातो, 'साहेब, अंगात ताप आहे, दोन-तीन दिवस नाही जमणार.' हा ताप आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, हे साहेबालाही ठाऊक असतं.

खरं सांगितलं तर उत्तर ठरलेलं, 'मग मजूर लाव की!' पण सावड पैशाने फिटत नाही. परवा शेजारी घरची माणसं घेऊन याच्या खाचरात वाकला होता. आज हा त्याच्या खाचरात गेला नाही, तर पुढच्या पावसाळ्यात कोण येणार? लग्नकार्यात मांडव घालायला तरी कोण येईल? रजेचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो, आणि रोप कधी उपटायचं ते पाऊस ठरवतो.

त्याच खात्यातला उत्तर प्रदेशचा कारागीर चांगला महिनाभर गावी जातो. पण रेल्वेचं तिकीट काढून, तारीख सांगून. पोशीरचा पोरगा तीनच दिवस जातो, तेही खोटं बोलून. शिस्तीचा कोण ठरतो, ते सांगायला नको. साहेबाचंही अगदीच चुकत नाही म्हणा. ऐनवेळी माणूस नसला की मशीन थांबतं, आणि जाब त्यालाच द्यावा लागतो.

याला कोकणी आळस म्हणणाऱ्यांनी इंग्लंडकडे बघावं. तिथले कारागीर सोमवारी सर्रास दांडी मारत आणि तिला 'सेंट मंडे' असं चक्क संताचं नाव देत. घड्याळाबरहुकूम राबायची सवय तिथेही घंटा आणि दंड लावून, पिढ्या खर्ची घालून अंगी बाणवावी लागली, हे इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या निबंधात मांडलं.

आपल्याकडे खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारं पाणी लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या तळ्यांत अडवलं आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या बारमाही फिरू लागल्या. पाऊस असा वेळापत्रकात बसला, माणूस काही बसेना. गिरणीतला कोकणी गडी शेतीच्या दिवसांत गावाकडे वळायचाच; त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. मालकांना ती सोय परवडली. हाल बदलीवाल्याचे; त्याने रोज सकाळी फाटकाशी ताटकळायचं, काम मिळालं तर मिळालं.

बदलापुरात चौथ्या दिवशी पोरगा कामावर येतो. साहेब विचारतो, 'उतरला का ताप?' तो मान हलवतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात, आणि सेफ्टी बूट काही केल्या पायात जात नाही.