वर्तुळाच्या कडेचे अनंत

सांत कागदावर अनंत कसे दाखवावे, हा प्रश्न डच चित्रकार एम. सी. एशर (१८९८–१९७२) यांना दीर्घकाळ छळीत होता. १९५६ च्या एका काष्ठमुद्रितात त्यांनी सरड्यांच्या आकृत्या केंद्राकडे लहान लहान करीत नेल्या. परंतु चित्राची बाहेरची कड मनमानीच राहिली.

मार्ग सापडला तो गणितज्ञ एच. एस. एम. कॉक्सेटर यांनी पाठविलेल्या लेखातील एका आकृतीत. तीत वर्तुळाचा अंतर्भाग ३०, ४५ व ९० अंशांच्या त्रिकोणांनी भरलेला होता. कोनांची बेरीज १६५ अंश, म्हणजे १८० हून कमी. अर्थात ही भूमिती यूक्लिडची नव्हे, अपास्तीय होय. प्वँकारे यांच्या या प्रतिमानात कडेजवळचे त्रिकोण डोळ्यांस सूक्ष्म दिसतात. तथापि त्या भूमितीच्या मापाने ते सारे एकरूपच असतात, आणि आतील कोणत्याही बिंदूपासून कड अनंत अंतरावर राहते. अनंत केंद्रात गडप न होता येथे चित्राची सीमाच बनते.

१९५९ च्या ‘वर्तुळमर्यादा ३’ मध्ये माशांच्या पाठींवरून पांढरे चाप धावतात. ते कडेस लंब असावेत, असा समज सहज होतो. कॉक्सेटर यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, हा कोन सुमारे ८० अंशांचा असावयास हवा. कारण हे चाप त्या भूमितीतील सरळ रेषा नसून सरळ रेषेपासून समान अंतर राखणारे वक्र होत. एशर यांना ही त्रिकोणमिती अवगत नव्हती. तरीही त्यांनी कोरलेला कोन तोच होता.