वीस वर्षे लपवलेली वही

माणसाला लिहिणे का आवडते? प्रस्थापित साहित्यिकांना विचारा. आत्मानंद, सर्जनाच्या वेणा अशी ठरावीक उत्तरे तयार असतात. पुरस्कार आणि संमेलनाची खुर्ची यांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही! आमच्या मते हा प्रश्न फलटणच्या एका किराणा दुकानात नेऊन विचारला पाहिजे.

त्या दुकानात बेबीताई कांबळे बसत. शिक्षण चौथीपर्यंत. पुड्या बांधायला आणलेली रद्दी आधी वाचायची, मग तिच्यात माल बांधायचा. बाबासाहेबांच्या चळवळीचे वारे लहानपणीच अंगात शिरलेले. त्या लिहू लागल्या त्या नवऱ्याच्या धाकात, घरच्यांची नजर चुकवून, आणि लिहिलेले तब्बल वीस वर्षे लपवून ठेवले. पुढे फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहाने ते बाहेर आले, १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले.

वीस वर्षे! वाचक नाही, मानधन नाही, उलट मार खाण्याची भीती. तरी बेबीताई लिहीत राहिल्या. का?

आम्ही पेशाने वकील. दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहिण्यातच आमचा दिवस जातो. एखादी पीडित भगिनी येते, दोन तास सांगते. आम्ही त्यातून सात परिच्छेद काढतो आणि खाली ‘सबब अर्जदाराची नम्र विनंती की’ टाकतो. मार पडला तेव्हा तव्यावर भाकरी होती आणि ती करपू नये म्हणून ती तशीच उठली, हे अर्जात येत नाही. कायद्याला भाकरीचे काय? पोलीस ठाण्यात तर याहून वाईट. लिहून घेतलेली फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवावी, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ही तेच सांगते. प्रत्यक्षात अनेकदा काय ऐकू येते? ‘कर इथे सही!’ हकिकत आपली, पण शब्द दुसऱ्याचे आणि क्रमही दुसऱ्याचा.

स्वतःच्या वहीत ‘मुद्द्याचे बोला’ म्हणून बाईला कोणी दटावत नाही. ती भाकरीपासून सुरुवात करू शकते. आमच्या समजुतीप्रमाणे लिहिण्याची गोडी आहे ती हीच. बेबीताईंनी पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात घालायच्या लाकडी खोड्याविषयी लिहिले. सवर्णांच्या इतिहासात तो खोडा असणार नाहीच. पण स्पष्ट बोलायचे तर आमच्या सभांतल्या भाषणांतही तो क्वचितच आला. गावगाड्यावर कडाडणारा आमचा बांधव घरातल्या खोड्याविषयी गप्प! आणि एवढे सोसूनही पुस्तकाचे नाव माझं नव्हे, आमुचं. (या सदरात आम्हीही ‘आम्ही’ म्हणतो, पण ती वर्तमानपत्री रीत झाली.)

बाबासाहेबांनाही १९२७ साली सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरावे लागत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, डोळे अधू आणि शरीर थकलेले असताना, त्यांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ची प्रस्तावना उशाशी मागून घेतली होती. याला कर्तव्य म्हणावे की आवड? आम्हाला तरी ही दोन वेगळी करता येत नाहीत.

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात ग्रंथवाचनानंतर आम्ही उपासिकांना कोऱ्या वह्या वाटल्या. रोज एक पान, विषय ज्याचा त्याचा. शुद्धलेखन येत नाही म्हणून बऱ्याच जणी मागे सरल्या. एका आजींनी मात्र वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, ‘‘वकीलसाहेब, हे कुनी तपासनार हाय का?’’

‘‘नाही आजी, कोणी नाही.’’

‘‘मंग अजून एक द्या. एकीत नाय मावायचं.’’