भुईमुगाच्या मातीतले विष : सहा दशकांचा मागोवा

सन 1960 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण व पूर्व भागांत पाळलेल्या टर्की पक्ष्यांची पिले अन्नावरची वासना उडून, पंख गाळून पटापट मरू लागली आणि पाहता पाहता मृतांची संख्या लाखाच्या वर गेली, तेव्हा कोणताही जंतू हाती लागेना म्हणून त्या व्याधीला तेथील तज्ज्ञांनी ‘टर्की-एक्स’ असे तात्पुरते नाव देऊन ठेवले. तपासाचा माग अखेर ब्राझीलहून आयात झालेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी पोहोचला. 1961 मध्ये ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळसर हिरवी बुरशी अपराधी ठरली, तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले, आणि अतिनील प्रकाशात त्याचे काही घटक निळे व काही हिरवे चमकतात एवढ्या खुणेवर त्यांची बी व जी अशी वर्गवारी झाली. तीच पेंड खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतांत अर्बुदे उद्भवली, तेव्हा प्रकरण कुक्कुटपालकांच्या नुकसानीपुरते उरले नाही. पुढे 1987 मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने या विषाला मनुष्यास निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या वर्गात बसविले.

हा शोध बंदरात उतरलेल्या मालापासून मागे मागे जात लागला, म्हणून असेल, पण पुढे कित्येक वर्षे सगळ्यांचा रोख वखारीवरच राहिला. ओल लागलेले बारदान, गळके छप्पर, निष्काळजी व्यापारी हेच आरोपी. शेताकडे कोणी फारसे बोट दाखविले नाही.

आपल्या देशात या विषाने मनुष्यहानी झाल्याची नोंद झाली ती भुईमुगातून नव्हे, मक्यातून. 1974 च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, बहुतांशी आदिवासी वस्तीच्या दोनशेहून अधिक खेड्यांत काविळीची साथ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे खंगू लागली. पाहणी झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. साध्या काविळीच्या साथीत कुत्री मरत नाहीत. येथे घरच्याच अन्नावर जगणारी कुत्रीही मेली, आणि या एका गोष्टीने संशय पाण्यावरून धान्याकडे वळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासणीत अवेळी पावसाने भिजलेल्या मक्याच्या किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडले. आज अन्नसुरक्षेच्या नियमांत धान्याची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा सुमारे सत्तरावा हिस्सा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कुटुंबांच्या ताटात काय पडत होते याचा अदमास येतो. दुसरे धान्य घरात असते तर बुरसटलेली कणसे त्यांनी खाल्लीच नसती.

पुढच्या दशकात लक्ष मातीकडे वळले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरे वळण तेच होय. ही बुरशी जमिनीत उपरी नाही. मेलेल्या मुळांवर व पालापाचोळ्यावर ती निर्वाह करते, प्रतिकूल काळात कठीण गाठींच्या रूपाने तग धरते. भुईमुगाच्या आऱ्या तर जमिनीत शिरूनच शेंग धरतात, म्हणजे पीक आपण होऊन तिच्या दारी जाते. तरीही पाणी पुरेसे असलेल्या वेलीचा दाणा स्वतःचे संरक्षक द्रव्य निर्माण करून तिला थोपवितो. अमेरिकेत जॉर्जियातील डॉसन येथील भुईमूग संशोधन प्रयोगशाळेने मातीचे तापमान व ओल हाती ठेवून केलेल्या प्रयोगांत दिसून आले, की काढणीपूर्वीचे चार ते सहा आठवडे पाण्याचा ताण पडला आणि शेंगांभोवतीची माती सुमारे 26 ते 31 अंशांच्या दरम्यान राहिली, की दाण्याची ही शक्ती ओसरते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. वरून शेंग धडधाकट दिसते; दाणा फोडून दोन दळे अलग केली, तर मधल्या पोकळीत कापसासारखी पांढरी लव व तीवर हिरवट भुकटी आढळते. हा माल वखारीत पोहोचण्यापूर्वीच बाधित झालेला असतो, आणि मग कितीही चोख वखार असली तरी तिला दोष पुसता येत नाही.

यावर इलाज शोधताना हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने प्रतिकारक्षम वाणांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. जे-11 सारखी काही वाणे टिकाऊ ठरली, परंतु सर्व परिस्थितीत निर्दोष राहील असे वाण हाती आले नाही. अमेरिकन कृषी खात्याचे पीटर कॉटी यांची तजवीज अधिक धीट. याच बुरशीच्या काही जाती विष निर्माण करूच शकत नाहीत. अशी एक जात न रुजणाऱ्या गव्हाच्या दाण्यांवर वाढवून त्यांनी ॲरिझोनातील कपाशीच्या रानांत पसरली, आणि विषारी भावंडांची जागा तिने घेतली. या उपायाला 2003 मध्ये तेथील सरकारची मंजुरी मिळाली. पुढे आफ्रिकेत मका व भुईमुगासाठी हाच मार्ग ‘अफ्लासेफ’ नावाने रूढ झाला. 2004 मध्ये केनियात विषारी मक्याने 125 बळी घेतले होते, त्यामुळे तिकडे या उपायाची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

युरोपने खाण्यास तयार भुईमुगासाठी किलोमागे 4 मायक्रोग्रॅमची कडक मर्यादा घातल्यापासून निर्यातीचा माल निवडून, पारखून जातो. प्रश्न उरतो तो निवडून टाकलेल्या दाण्यांचा. ते घाण्याला जातात. तेल शुद्धीकरणात बरेचसे निर्विष होते, पण विष पेंडीत उरते, पेंड दुभत्या जनावरांपुढे पडते आणि अफ्लाटॉक्सिन एम-1 या रूपाने दुधात उतरते. 2018 च्या राष्ट्रीय दूध पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुने या एका कारणाने मर्यादेबाहेर गेले. म्हणून भुईमूग पिकविणाऱ्याने शेंगा भरण्याच्या अखेरच्या पंधरवड्यांत शक्य असेल तर एखादी पाळी पाणी द्यावे, उपटलेले वेल ढिगात न कुजविता शेंगा उन्हाकडे करून वाळवावेत, दाण्यातील ओल आठ टक्क्यांच्या खाली आल्यावाचून पोती शिवू नयेत, आणि फुटक्या, बुरसटलेल्या शेंगा गोठ्याकडेही न पाठविता नष्ट कराव्यात.