ना भंगार, ना लॉटरी : माळ्यावरची जुनी उपकरणं

आज बोलूया आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत पडून असलेल्या काही वस्तूंबद्दल. आजेसासऱ्यांचा पितळी तराजू, शेर-पावशेराची वजनं, उकळून वापरायची काचेची सिरिंज, पाऱ्याचा थर्मामीटर. कुणाच्या घरी निवृत्त नर्सबाईंचा तो लाकडी कर्णाही असेल, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा.

अशा वस्तूंसाठी दारात दोन प्रकारची माणसं येतात. एक भंगारवाला. तो पितळ किलोवर मोजतो. दुसरा गाडीतून उतरतो आणि हळूच सांगतो, "ताई, याचे कोटी मिळतील." पहिला फक्त धातूची किंमत करतो, दुसरा फसवतो. खरी किंमत कशात असते, ते समजून घेऊ.

जगात अनेक लोक जुनी वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणं हौसेनं जमवतात. संग्रहालयंही जपतात. का? कारण एकेका वस्तूत माणसाचं शहाणपण साठलेलं असतं. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोपच घ्या. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. त्या काळी डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकत. परक्या तरुण बाईच्या छातीला कान लावणं त्यांना योग्य वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! मग त्यांनी लाकडाची नळी बनवली. म्हणजे एका बाईची लाज राखायला शोधलेली युक्ती पुढे साऱ्या जगाच्या कामी आली. नर्सबाईंचा कर्णा त्याच नळीचा भाऊ. तो १८९५ च्या सुमारास फ्रान्सचे प्रसूतितज्ज्ञ पिनार यांनी तयार केला. त्याला ना वीज लागते, ना सेल. म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

आता तुम्ही विचाराल, वस्तू किती जुनी ते ओळखायचं कसं? जाणकार आधी बघतात ती कशाची बनली आहे. १८६७ साली जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत जंतू मारण्याची पद्धत मांडली. त्यानंतरच्या काही दशकांत डॉक्टरांची हत्यारं उकळून, वाफेवर निर्जंतुक करायची रीत पडली. लाकडाची, हस्तिदंताची मूठ उकळण्यात खराब होते, म्हणून मुठीही धातूच्या झाल्या. त्यामुळे लाकडी मुठीचं शस्त्रक्रियेचं हत्यार दिसलं की ते बहुधा त्या बदलाच्या आधीचं समजतात. न गंजणारं स्टील १९१३ नंतर आलं. म्हणून स्टीलची कात्री कुणी दोनशे वर्षांची म्हणून दाखवली, तर हसून परत करा.

वजनांचंही तसंच. आपल्याकडे किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो रुळला. त्याआधी ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण. शेराचं वजन हातात आलं की त्या आधीच्या बाजाराची एक खूणच हाती आली म्हणा.

वस्तूचं मोल वाढवणाऱ्या गोष्टी चार. त्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा गाव कोरलेलं असणं. सगळे भाग आणि मूळ पेटी सोबत असणं. मोडतोड नसणं. आणि चौथी गोष्ट तिची हकिगत : ती कुणी, कुठे, कशासाठी वापरली. ही चौथी गोष्ट फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ असते, आणि ती त्यांच्यासोबत जाते. म्हणून आजच विचारा, तारीख घालून वहीत लिहा, ती चिठ्ठी वस्तूसोबत ठेवा.

एक सवय मात्र आवरा. जुनं पितळ दिसलं की आपले हात चिंच आणि राखेकडे वळतात. पूजेची भांडी खुशाल घासा, पण जुनं उपकरण घासू नका. कोरलेली अक्षरं आणि आकडे झिजतात आणि वस्तूची ओळखच पुसली जाते. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की पुरे.

आता जिवाची काळजी. जुन्या थर्मामीटरमध्ये पारा असतो, आणि रक्तदाब मोजायच्या जुन्या उभ्या पेटीत तर त्याच्या कितीतरी पट. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, पण ती मेंदूला आणि मूत्रपिंडाला अपाय करते. लहान मुलांना आणि गरोदर बाईच्या बाळाला धोका जास्त. पारा काढून विकायच्या मोहानं नळी कधीही फोडू नका. चुकून फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, हातातली सोन्याची अंगठी आधी काढा, कारण पारा सोन्याला चिकटतो. केरसुणी फिरवू नका, त्यानं थेंब फुटून पसरतात. जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करा आणि आरोग्य केंद्रात विचारून तिथे द्या. मोरीत किंवा चुलीत टाकू नका. जुन्या सुया आणि औषधाच्या बाटल्याही मुलांच्या हाती देऊ नका.

आणि तो गाडीतून येणारा माणूस? तो म्हणेल, तांब्याच्या जुन्या भांड्यावर वीज पडून त्यात शक्ती आली, ते तांदूळ ओढतं, अंतराळ संशोधनवाले कोटींनी घेतात. याला "राइस पुलर" म्हणतात. या नावाखाली झालेल्या फसवणुकीचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. तांबं तांदूळ ओढत नाही. दाण्यांना लोखंडाचा कीस लावून लोहचुंबकानं खेळ दाखवतात. मग "तपासणीसाठी" आधी पैसे मागतात, आणि तेच त्यांचं खरं काम. शिलाई मशीनमधल्या "लाल पाऱ्या"ची गोष्टही तसलीच. वस्तू घेणारा पैसे देतो, मागत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी गटाची बचत वाचेल. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

कायद्याचीही एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांवरची, गतकाळचं विज्ञान किंवा कला दाखवणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो.

पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांचं संग्रहालय उभं राहिलं. त्यातल्या कितीतरी वस्तू आपल्यासारख्या बायकांनी रोज हाताळलेल्या आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या एका जुन्या उपकरणाची माहिती लिहून आणा. पाऱ्याचं असेल तर वस्तू घरीच ठेवा, नुसता फोटो आणा. नाव, कुणाचं, कशासाठी, किती वर्षांपूर्वीचं. दहा-बारा वस्तू जमल्या की गावच्या शाळेत एक कपाट मागू. विकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवा, पण आधी आपल्याजवळ काय आहे ते कळू द्या.