‘ॲनिमॉर्फ्स’: दोष कुणाच्या माथी?

के. ए. ॲपलगेट यांची ही अमेरिकी विज्ञानकादंबरीमाला स्कोलॅस्टिकने १९९६ ते २००१ या काळात प्रकाशित केली. मुख्य मालिकेत ५४ पुस्तके. ॲपलगेट यांचे पती मायकेल ग्रँट लेखनात सहभागी होते. उत्तरार्धातली बरीच पुस्तके इतरांनी लिहिली.

शत्रू आहेत यीर्क. कानातून शिरून मेंदूचा ताबा घेणारे, गोगलगाईसारखे परजीवी. त्यांच्याशी लढणाऱ्या मुलांना प्राण्यांची रूपे घेता येतात. पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ एका रूपात राहिले, की सुटका नाही. डेव्हिड नावाचा मुलगा फितूर होतो, तेव्हा बाकीचे त्याला उंदराच्या रूपात कायमचे अडकवतात आणि बेटावर सोडून देतात. त्याला मारले नाही, एवढेच त्यांचे समाधान. मला तरी ही शिक्षा मरणाहून भयंकर वाटते.

यीर्कही सरसकट दुष्ट नाहीत. यजमानाच्या शरीराशिवाय ते आंधळे असतात. १९व्या पुस्तकातली आफ्ट्रन ही दृष्टी सोडून यजमान मुलीला मुक्त करते.

शेवटी या मुलांचा म्होरक्या जेक १७,३७२ निराधार यीर्कांना अवकाशात लोटण्याचा हुकूम देतो, यीर्कच्या ताब्यात गेलेल्या सख्ख्या भावाला मारायला चुलत बहीण रेचेलला पाठवतो. भाऊ मरतो आणि रेचेलही.

पुढे हेगमध्ये यीर्क सेनानीवर खटला चालतो. तिथे जेकच्या हुकुमाचाही प्रश्न निघतो. लेखिका त्याला दोषमुक्त करत नाही, आणि हेच या मालिकेचे मोठेपण आहे.