वेळ अमावस्या : शिवारातील पंगत आणि पीकपद्धती

मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातील गावे रिकामी होतात व शिवारे माणसांनी फुलून जातात. 'येळवस' या बोलीतील नावाने परिचित असलेला हा सण धाराशिव व लातूर जिल्ह्यांत मोठ्या उत्साहाने साजरा होतो. 1982 पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच जिल्ह्यात होते. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी भागातही याच दिवशी 'एळ्ळु अमावस्या' पाळली जाते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. दोन्ही जिल्ह्यांत या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करण्याची प्रथा आहे.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांची पूजा होते. नव्या मडक्यातील आंबील पिकांवर शिंपडली जाते व त्यानंतर पंगत बसते. ज्यांना शेती नाही अशा शेजाऱ्यांना व स्नेह्यांना आग्रहाचे निमंत्रण असते. दिवस मावळताना अनेक गावांत पेटता हेंडगा घेऊन शेताला फेरी घालतात.

या पंगतीचा मुख्य पदार्थ म्हणजे भज्जी. तूर, हरभरा, वाटाणा व वाल यांचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात अशा भाज्या एकत्र शिजवून त्यात चिंचेच्या कोळात कालविलेले हरभऱ्याचे पीठ घालतात. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळवर्गीय धान्यांत तो भरपूर असल्याने उंडे व भज्जी एकमेकांची उणीव भरून काढतात.

हा बेत याच दिवसांत का, याचे उत्तर शिवारात मिळते. जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढणारी रब्बी ज्वारी या सुमारास पोटरीत किंवा निसवण्याच्या अवस्थेत असते, हरभऱ्याला घाटे धरतात, तुरीच्या शेंगा भरतात. ज्या शेतात अनेक पिके एकत्र नांदतात, त्याच शेतातून संपूर्ण भज्जी निघते. भज्जीचे भांडे ही एका अर्थाने त्या शेताची पीकपाहणीच होय.

ही पाहणी आज वेगळे चित्र दाखविते. खरिपात सोयाबीनने मोठे क्षेत्र व्यापले आहे. रोख उत्पन्नाच्या दृष्टीने शेतकऱ्याचा हा निर्णय समजण्याजोगा आहे. ज्वारीची राखण व काढणी यांस मजूरही फार लागतात. परंतु ज्वारी घटली की कडबा घटतो, व कडबा घटला की जनावरे सांभाळणे कठीण होते. एकाच पिकावर भिस्त ठेवल्यास पाऊस किंवा बाजारभाव यांच्या एका फटक्याने संपूर्ण हंगाम हातचा जातो. 2012 व 2015 च्या अवर्षणांनी चारा-पाण्याचे मोल जिल्ह्याला पुरते पटवून दिले आहे. भज्जीचे दाणे आता अनेक घरी बाजारातून येतात, हे लक्षणही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याचा आशय येथील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या जपला आहे. शिक्षकांनी येळवसीच्या सुटीनंतर विद्यार्थ्यांकडून एक साधी नोंद करून घ्यावी : भज्जीतील कोणते जिन्नस स्वतःच्या शेतातील व कोणते विकतचे? ही यादी ग्रामसभेपुढे ठेवल्यास तुरीचे आंतरपीक, बांधावरील वाल, ज्वारीचा एखादा पट्टा यांविषयी चर्चेस निश्चित आधार मिळेल. बियाणे व चारा यांच्या नियोजनात कृषी सहायकांनाही तिचा उपयोग होईल.