रास्ता रोको, जेल भरो आणि ११, संसद मार्ग

केंद्रीय गृहखात्याच्या एका इंग्रजी नियमावलीत आपले रोजचे शब्द जसेच्या तसे येऊन बसले आहेत: बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो. परदेशी देणगी नियमन कायद्याचे, म्हणजे 'एफसीआरए'चे हे २०११ चे नियम. लोकांच्या मागण्यांसाठी हे मार्ग नेहमी वापरणारी संस्था सरकार 'राजकीय स्वरूपाची' ठरवू शकतं, आणि तसं ठरलं की तिची परदेशी देणगी बंद. 'इन्साफ' या संस्थेचं देणगीचं खातं २०१३ मध्ये गोठवलं गेलं तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंगांचं सरकार होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आज हा विषय निघाला की तो एकाच पक्षाच्या नावावर टाकायची सवय झाली आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसेल, तर नुसत्या आंदोलनाच्या पाठिंब्यावरून देणगी अडवता येणार नाही.

कायदा मुळात १९७६ चा, ऐन आणीबाणीतला. पुढे १९८२ मध्ये इंदिरा सरकारने कुदाल आयोग नेमून गांधी शांती प्रतिष्ठानासारख्या गांधीवादी संस्थांचे हिशेब काढले. इंदिरा गांधींविरुद्ध आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायण यांच्या बाजूने उभं राहिल्याचा राग त्यामागे होता, हे तेव्हा उघडपणे बोललं जाई.

संस्थांनी हिशेब द्यावा, यात चूक काहीच नाही. सेवेच्या नावाखाली पैसा खाणारे आहेतच. प्रश्न वेगळा आहे. पोलीस पाठवला की बोभाटा होतो. खातं गोठवलं की पहिल्या तारखेला पगार होत नाही आणि कार्यालय आपोआप रिकामं होतं.

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने हे काम आणखी सोपं केलं. लोकसभेत २१ तारखेला, राज्यसभेत २३ ला मंजूर. आता देशातल्या कुठल्याही संस्थेची परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरते: ११, संसद मार्ग. खातं उघडायला दिल्ली गाठावी लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. पण तोटी एकच, आणि चावी कुणाजवळ हे सांगायला नको. मोठ्या संस्थेने आपल्या देणगीतला वाटा खेड्यातल्या छोट्या संस्थेला द्यायचा, ही रीतही बंद झाली. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या चार माणसांच्या संस्थेला परदेशी देणगीदार कुठून भेटणार? तिला मोठ्या संस्थेचाच आधार असायचा.

सगळ्यात बोचरी अट खर्चाची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. प्रशासकीय म्हणजे काय, याची यादी नियमांत आहे आणि ती सावकाश वाचण्यासारखी आहे: कार्यकारिणीच्या सदस्यांचा प्रवास, जागेचं भाडं, अहवाल लिहिण्याचा खर्च, वकिलांची फी. शाळेतल्या शिक्षकाचा आणि दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार यातून वगळला आहे. पण कोठडीतल्या मृत्यूचा छडा लावणारी संस्था याशिवाय दुसरं करते काय? गावी जायचं, अहवाल लिहायचा, कोर्टात जायचं. तिचं बरंचसं मुख्य कामच इथे 'वरखर्च' ठरतं.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी देणगी घेणं हा निरपवाद हक्क नाही, असं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. पण परदेशी देणगीचा परवाना कुणाचा जातो, खाती कुणाची गोठतात आणि कधी, तेही पाहावं. वकील इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'चा, कार्यकर्त्या तिस्ता सेटलवाड यांच्या मुंबईतल्या 'सबरंग ट्रस्ट'चा परवाना २०१६ मध्ये रद्द झाला. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या 'ॲम्नेस्टी'ने ऑगस्ट २०२० मध्ये दिल्ली दंगलीतल्या पोलिसांच्या वागणुकीवर अहवाल काढला. १० सप्टेंबरला खाती गोठल्याचं तिला कळलं, २९ ला तिने भारतातलं काम थांबवलं. तिने परदेशी पैसा व्यापारी वाटेने आणला, हा सरकारचा आरोप. तो कोर्टात तपासला जाण्याआधीच संस्था बंद पडली होती. उलट, मदर तेरेसांच्या संस्थेच्या परवान्याचं नूतनीकरण २०२१ च्या नाताळात नाकारलं गेलं, जगभर ओरड झाली आणि दोनेक आठवड्यांत परवाना परत मिळाला. ओरड करणारं कुणी नसलेल्यांनी काय करायचं?

याच कायद्याची एक बाजू मात्र फार मऊ आहे. परदेशी मालकीच्या वेदान्त समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही एफसीआरए मोडला, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला आणि सहा महिन्यांत कारवाई करायला सांगितलं. कारवाई झाली नाही, व्याख्या बदलली. २०१६ च्या वित्त कायद्याने 'परदेशी स्रोत' म्हणजे काय, हेच मागे जाऊन, २०१० पासून लागू होईल असं नव्याने ठरवलं. तेवढ्याने जुन्या देणग्या झाकल्या जाईनात, म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. हे विधेयक १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर झालं.